कातड्याचं अत्तर

‘लेदर’ असं नाव लिहिलेलं अत्तर आता पॅरिस आणि दुबईपुरतं राहिलेलं नाही. गुलाब, खस, हिना, शमामा, मजमुआ या जुन्या बाटल्यांच्या शेजारी आपल्याकडच्या अत्तरवाल्यांनीही त्याला जागा करून दिली आहे. बाटली उघडली की नव्या खोगिराचा, जुन्या ग्रंथाच्या चामडी बांधणीचा आणि धुराचा वास येतो. आत मात्र चामड्याचा एक कणही नसतो.

यात फसवणूक नाही. चामड्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो कातड्याचा स्वतःचा नसतोच. जनावराच्या अंगावरून उतरवलेल्या कातड्याला दुसऱ्या दिवसापासून सडण्याचा वास सुटतो. ते सडू नये म्हणून माणसाने त्याला जी साल पाजली, जे तेल चोळलं, त्या सगळ्याचा मिळून ‘चामड्याचा वास’ होतो. म्हणून या अत्तराचं मूळ शोधायचं तर जनावर सोडून झाडांच्या मागे जावं लागतं. रशियात ते झाड भूर्जाचं होतं. दख्खनेत तरवडाचं, बाभळीचं आणि हिरड्याचं. भूर्ज पॅरिसच्या बाटलीत पोहोचला, तरवड कुठेच पोहोचला नाही. असं का झालं हे शोधायला बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांइतकी योग्य जागा मला दुसरी माहीत नाही.

आधी भूर्जाचं पाहू. आपल्या पोथ्या ज्या झाडाच्या सालीवर लिहिल्या गेल्या, त्याच कुळातलं हे उत्तरेकडचं झाड. रशियातले कारागीर कातडं वाळुंजाच्या जातीच्या झाडांच्या सालीत कमवत आणि शेवटी त्याला भूर्जाच्या सालीचं तेल चोळत. साल बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवली की काळं, दाट, धुरकट तेल गळतं. ते चोळलेल्या चामड्याला कसर लागत नाही, बुरशी धरत नाही, पाणीही सहसा आत शिरत नाही. घोडेस्वारांचे बूट, पेट्यांची आवरणं, ग्रंथांच्या बांधण्या यासाठी युरोपभर या चामड्याला मागणी होती. ते किती टिकतं याचा पुरावा समुद्राने जपून ठेवला. डिसेंबर १७८६ मध्ये ‘मेटा कॅथरिना’ नावाचं जहाज सेंट पीटर्सबर्गहून जिनोआला निघालेलं असताना वादळात सापडून इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळ बुडालं. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडलं. आत ताग आणि रेनडियरच्या कातड्यांचे गठ्ठे होते. जवळपास १९० वर्षं चिखलात रुतलेलं ते चामडं धुऊन-वाळवून पुन्हा वापरात आलं, त्याचे बूट आणि पाकिटं शिवली गेली.

फारसीत या चामड्याचं नावच ‘बुल्गार’. व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार शहराच्या बाजारातून ते इराणकडे उतरायचं, म्हणून ते नाव पडलं. आणि त्याच व्होल्गाकाठचा एक व्यापारी १४७० च्या सुमारास बीदरला येऊन राहिला. अफानासी निकितिन, त्वेर गावचा. वाटेत लुटला गेला, इराण ओलांडून होर्मुझला पोहोचला, तिथून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बहमनी राजधानीत आला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता आणि धर्म बदललास तरच परत मिळेल अशी अट घातली होती. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली तेव्हा घोडा आणि धर्म दोन्ही त्याच्याकडे राहिले. पुढे बीदरला त्याने तो घोडा विकला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, आणि १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांच्या भागीदारीत काढलेला ‘परदेसी’ त्याच्यावरचाच.

निकितिन बीदरमध्ये होता तो बहमनी वजीर महमूद गवानचा काळ. १४७२ च्या ज्या मदरशाच्या भिंतीवर आजही निळ्या-हिरव्या फरशा शिल्लक आहेत, तो उभा राहायचे दिवस. निकितिनच्या टिपणांत आळंदच्या जत्रेची नोंद आहे. आज कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरच्या हद्दीला लागून असलेलं हे गाव. वर्षातून एकदा तिथे दहा दिवस बाजार भरतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असं तो लिहितो. कस्तुरी हरणाच्या नाभीत होते, हेही तो टिपून ठेवतो. आपल्या मुलखात नेऊन विकावं असं काही इथे मिळालं नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त आहेत, अशी त्याची तक्रार. घोड्यांच्या आकड्यात अतिशयोक्ती असेल, पण त्याच्या निम्मे घोडे धरले तरी त्यांना खोगीर लागतं, लगाम लागतो, तंग लागतो, मोजड्या आणि पखाली लागतात. म्हणजे हजारो कातडी लागतात, आणि ती कमवायला डोंगरभर साल लागते. निकितिनला इथे नेण्यासारखं काही दिसलं नाही, तेव्हा ती साल त्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळी फुलं घेऊन उभी होती.

रशियन चामड्याचा वास अत्तरात शिरला तो दोन वळणं घेऊन. पहिलं वळण दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासचं. आज सुगंधाची राजधानी म्हणून मिरवणारं हे गाव मुळात कातडं कमावणाऱ्यांचं. सोळाव्या शतकात सुगंधी हातमोज्यांची चाल इटली-स्पेनकडून आली, तशी ग्रासच्या कारागिरांनी कातड्याला फुलांचा वास द्यायला सुरुवात केली. १६१४ मध्ये फ्रान्सच्या राजाने हातमोजेवाल्यांना ‘हातमोजेकार आणि सुगंधकार’ अशी जोडपदवी दिली. पुढे चामड्यावरचे कर वाढले, कातडीचा धंदा मागे पडला आणि फुलांचा उरला. स्पेनच्या चालीतून ‘पो देस्पान्य’, म्हणजे स्पेनचं कातडं, हा प्रकार निघाला: मऊ कातड्याचे तुकडे गुलाब, नारिंगाची फुलं, चंदन, लवंग, दालचिनी यांच्या अर्कात भिजवायचे, वाळवायचे आणि त्यांवर कस्तुरी-जबादाचा लेप द्यायचा. असा तुकडा कागदांत ठेवला की पत्रांना वर्षानुवर्षं वास राही. इथे चामडं हा सुगंध धरून ठेवणारा पदार्थ होता. चामड्याचा वास हाच सुगंध, ही कल्पना अजून जन्मायची होती.

दुसरं वळण पहिल्या महायुद्धानंतरचं. १९१९ मध्ये कारों या अत्तर कंपनीचं ‘ताबाक ब्लाँ’ हे चामड्याच्या वासाचं अत्तर आलं. मॉस्कोत जन्मलेल्या अर्नेस्ट बो यांनी १९२० च्या दशकात शनेलसाठी ‘क्युइर द रुसी’ केलं, म्हणजे रशियन चामडं. त्यात शुद्ध केलेलं भूर्जाचं तेल होतं. क्रांतीनंतर देशोधडीला लागलेले रशियन सरदार तेव्हा पॅरिसमध्ये मोटारी हाकत होते, आणि त्यांच्या बुटांचा वास बाटलीत विकला जात होता. १९४४ मध्ये जर्मेन सेलिए या बाईंनी ‘बांदी’ या अत्तरात आयसोब्युटिल क्विनोलिन नावाचं कृत्रिम द्रव्य धीटपणे ओतलं. कडू, हिरवट, कोरं चामडं त्या एका द्रव्यात होतं. तेव्हापासून चामड्याच्या अत्तराला झाडाचीही गरज उरली नाही. आज ज्याची नक्कल गल्लोगल्ली मिळते ते टॉम फोर्डचं ‘टस्कन लेदर’ २००७ चं. त्यात केशराचा आणि रासबेरीचा भास आहे, आणि दोन्हींच्या खाली ते कोरं कडू चामडं.

मी असं एक अत्तर ऐन मे महिन्यात, पारा चाळीसच्या पुढे गेलेला असताना, कलबुर्गीत लावून फिरलो. थंड देशातल्या माणसाला ते जसं भेटतं तसं ते इथे भेटत नाही. मनगटावर पडताच डांबर आणि कडू औषध यांच्या मधला एक तीव्र वास आला, नाक मागे घ्यावं असा. उन्हाने तो टिकू दिला नाही. पाच-दहा मिनिटांत केशर वर आलं आणि मग एक आंबटगोड फळ. थंडीत हीच अवस्था तासभर चालते, इथे ती सपाट्याने सरली. त्यानंतर खरा मुद्दा सुरू झाला. घाम, मीठ आणि ते जड द्रव्य एकत्र आलं आणि अंगातूनच चामड्याचा वास येऊ लागला. परका वाटत नव्हता तो, पण ओळखीचाही नव्हता. धूर होता, राळ होती, कोरडेपणा होता. आपल्याकडच्या चपलेत जो एक आंबट, तुरट, जिभेला कोरड पाडणारा भाग असतो तो मात्र नव्हता. संध्याकाळी सदरा काढताना कॉलरला गोडसर धूर उरला होता. दिवसभर मी जे अंगावर वागवलं ते भूर्जाच्या थंड जंगलाचं चामडं होतं, आणि ज्या रस्त्यांवरून वागवलं त्या रस्त्यांचं चामडं वेगळ्या वासाचं आहे, हे त्या दिवशी मला नाकाने कळलं.

त्या वेगळ्या वासाची गोष्ट बसवकल्याणला सुरू होते. आज बीदर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एके काळी कल्याणी चालुक्यांची राजधानी. सुगंधाचं शास्त्र या दरबाराला नवं नव्हतं. चालुक्य राजा जयसिंह दुसरा याच्या आश्रयाच्या चावुंडरायाने १०२५ च्या सुमारास कन्नडमध्ये ‘लोकोपकार’ लिहिला, त्यात सुगंधी द्रव्यांचं प्रकरण आहे. शंभर वर्षांनी, ११२९ मध्ये, राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. मराठी वाचकाला हा ग्रंथ ओवीच्या जुन्या उल्लेखामुळे परिचयाचा असतो. पण त्याच्या तिसऱ्या भागात राजाचे वीस उपभोग सांगितले आहेत, ते आज माझ्या कामाचे. स्नान, पादुका, तांबूल, विलेपन, वस्त्र, माल्य अशी ती यादी पुढे धूपापर्यंत जाते. चंदन, अगरू, कापूर, केशर, कस्तुरी यांचं शास्त्र आणि राजाच्या पायातल्या पादत्राणांचं शास्त्र त्या यादीत जवळजवळ मांडीला मांडी लावून बसलेलं आहे. पादुका राजाच्या उपभोगात आल्या, त्या शिवणारा मात्र गावाबाहेर राहिला.

तो गावात आला त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत, आणि याच गावात आला. संत बसवण्णांच्या अनुभव मंडपात, म्हणजे त्यांच्या अनुयायी शरणांच्या चर्चासभेत, हरळय्या हा चांभार होता. परंपरा अशी सांगते की हरळय्याने वाटेत बसवण्णांना ‘शरणू’ म्हटलं आणि बसवण्णांनी उलट दोनदा नमस्कार केला. एवढं ऋण फेडायचं कसं, म्हणून हरळय्या आणि त्याची बायको कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी जोडा शिवला. बसवण्णांनी तो पायात घातला नाही, डोक्यावर ठेवला. पायातली वहाण पायातच बरी, ही आपली म्हण ज्यांच्या तोंडी असते त्यांनी ही कथा एकदा शांतपणे ऐकावी. मधुवरस या ब्राह्मण मंत्र्याची मुलगी हरळय्याच्या मुलाला, शीलवंताला, दिली गेली तेव्हा कल्याणचा तेव्हाचा राजा बिज्जळ याचं राज्य हादरलं. ११६७ च्या सुमारास हरळय्या आणि मधुवरस दोघांनाही देहदंड झाला. कल्याण पेटलं, शरण विखुरले. बसवकल्याणात हरळय्याची गवी, म्हणजे गुहा, आजही दाखवतात.

त्या मंडपात आणखी एक जण होता, तो माझ्या विषयाच्या जास्त जवळचा: कक्कय्या. हरळय्या चामडं शिवणारा, कक्कय्या कमावणारा. आपल्याकडे चांभार आणि ढोर हे भाग वेगळे, एक रांपी-आरीचा धनी तर दुसरा सालीच्या हौदाचा. महाराष्ट्रातला ढोर समाज कक्कय्यांना आपला आद्य पुरुष मानतो. कल्याणहून निघालेल्या शरणांचं रक्षण करताना बेळगाव जिल्ह्यातल्या कक्केरीत त्यांचा अंत झाला, अशी श्रद्धा आहे. वासाच्या इतिहासात कक्कय्यांचं नाव कुणी घेत नाही. मी घेतो, कारण दख्खनी चामड्याला वास आहे तो त्यांच्या हौदातून आलेला.

तो हौद जवळून पाहायला हवा. मीठ लावून आलेलं कातडं आधी पाण्यात पडतं, मग चुन्याच्या पाण्यात काही दिवस. चुन्याने केसांची मुळं सैल होतात आणि कातडं फुगतं. हातांनाही चुना चावतो, बोटांच्या पेरांना भेगा पडतात. केस खरवडून काढायचे, आतल्या बाजूचं मांस आणि चरबी धारदार सुरीने तासायची, चुना निघेपर्यंत धुवायचं. इथपर्यंतचा वास असह्यच आणि त्याला सुगंध म्हणणं हा तिथे उभ्या असलेल्या माणसाचा अपमान होईल. पण यानंतर साल येते. ठेचलेली साल आणि हिरडा यांच्या तांबूस पाण्यात कातडं आधी नुसतं भिजतं. मग ते दुमडून कडेने शिवतात, त्याची पोतडी करतात, आडव्या लाकडाला टांगतात आणि वरून साल आणि तेच पाणी भरतात. पोतडी पाझरू लागते. खालच्या टोपल्यात जमलेलं पाणी पुन्हा वरून ओततात. काही दिवसांनी शिवण उसवून पोतडी उलटी टांगतात, म्हणजे तळाकडची आणि तोंडाकडची बाजू सारखी कमावली जाते. या थेंबाथेंबाच्या कामात वास बदलत जातो. सडकेपणा हटतो, चुना हटतो, आणि ओल्या लाकडाचा, तुरट चहाचा, हिरड्याच्या आंबटपणाचा एक वास उभा राहतो. शेवटी तेल. करंजाचं तेल लावलं तर त्यात एक कडवट जडपणा येतो. हे आपलं ‘लेदर’. यात धूर नाही, भूर्ज नाही. कोरडवाहू माळाचा तुरटपणा आहे.

तरवड हे या माळाचंच झुडूप. बीदरपासून सोलापूरपर्यंत आणि पूर्वेला तेलंगणात खोलवर ते रस्त्याकडेला उगवतं. तेलंगणाने त्याच्या फुलाला, तंगेडुला, राज्यपुष्प केलं, कारण बतुकम्मा सणातल्या फुलांच्या उतरंडीत ते हवंच. दक्षिणेतल्या कातडी उद्योगाचा पाया एके काळी याच सालीवर होता. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातून लाखोंनी कातडी इंग्लंडला गेली, ती तरवडाच्या सालीत कमावून. त्या चामड्याचा एक दोष होता. उजेडात ते लालसर पडे, म्हणून शेवटी हिरड्याचं पाणी देत. पुढे दक्षिण आफ्रिकेची वॉटल साल आली, क्रोमियमची पद्धत आली आणि तरवड मागे पडला. १८८४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या क्रोम पद्धतीने आज जगातलं बहुतांश चामडं कमावलं जातं. ते काम दिवसांत उरकतं आणि चामड्याला फारसा वासही येत नाही. नव्या बुटांच्या खोक्यातून जो वास येतो त्यात डिंक आणि रंगाचा वाटा मोठा असतो. ज्यांचं सगळं आयुष्य या बुटांत गेलं, त्यांना अत्तराची बाटलीच ‘खरं चामडं’ वाटणार.

बीदर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मात्र चामडं बुटांतून फारसं माहीत नव्हतं. त्याला ते विहिरीतून माहीत होतं. इंजिनं आणि विजेचे पंप येईपर्यंत भालकी, औराद, बसवकल्याण, आणि १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा, सगळीकडे पाणी मोटेने उपसलं जाई. मोट चामड्याची, सोंड चामड्याची. बैल उतारावरून खाली जात, नाडा ताणला जाई आणि मोट वर येऊन थारोळ्यात ओतली जाई. पहाटे मोट धरणाऱ्याच्या अंगाला ओल्या चामड्याचा आणि तेलाचा वास लागे, आणि तोच वास पाटाच्या पाण्यालाही. उसाला आणि भाजीला ते पाणी चालायचं. माणसाच्या पिण्यासाठी मात्र मोटेचं पाणी नको म्हणणारी घरं होती.

इथे गाठ दिसू लागते. आपल्याकडे प्राण्याचा वास त्याज्य होता असं म्हणावं, तर दख्खनी दरबारांचं सगळं सुगंधशास्त्र प्राण्यांवर उभं आहे. कस्तुरी हरणाच्या ग्रंथीतली, जबाद मांजरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या ग्रंथीतला, अंबर देवमाशाच्या पोटातला. विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात ‘इत्र-ए-नौरसशाही’ नावाचा खास सुगंधावरचा ग्रंथ लिहिला गेला. चामडं त्याज्य होतं म्हणावं, तर मृगाजिनावर बसून जप चालायचा आणि पखवाजाची पुडी देवळाच्या सभामंडपात वाजायची. तेल-तुपाचे बुधले चामड्याचेच असत. खंडोबाच्या आणि देवीच्या कुळाचारात दिवटीबरोबर बुधली येते, तिची वडील मंडळी चामड्याची. भालकीजवळच्या खानापूरच्या मैलार मल्लण्णाला कानडी-मराठी दोन्ही घरं जातात, तिथल्या भंडाऱ्याच्या वासाशेजारी ही बुधलीही असते. कन्नौजच्या अत्तरवाल्यांचं तर चामड्याशिवाय चालत नसे. देग-भपक्यातून, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांतून, निघालेलं ताजं अत्तर ते चामड्याच्या कुप्पीत भरून ठेवत. चामड्याच्या छिद्रांतून पाण्याचा अंश उडून जातो आणि तेल आत राहतं. फ्रान्समध्ये चामड्याला सुगंध पाजला, इथे चामड्याने सुगंध पक्व केला.

म्हणजे प्राणी चालत होता, कातडंही चालत होतं. चालत नव्हता तो हात. मेलेलं जनावर ओढायचं कुणी, सोलायचं कुणी, हौदात उतरायचं कुणी, हे जन्माने ठरलेलं होतं, आणि तो वास कामाचा न राहता माणसाचा समजला गेला. वस्ती गावापासून दूर ठरवली गेली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांची कामं आणि मृतमांस सोडायला सांगितलं, त्यामागे हा सगळा इतिहास होता. ज्या वासाने माणसाला वेशीबाहेर ठेवलं तो वास कुणी कौतुकाने अंगाला लावावा, अशी अपेक्षा त्या समाजाकडून कशी करायची? आणि वेशीच्या आतल्यांनी तो लावणं तर कल्पनेतही नव्हतं. आतल्यांनी चामडं मुद्दाम हुंगलं ते एकाच प्रसंगी. कुणाला फेफरं आलं की त्याच्या नाकाशी चप्पल धरायची. वैद्यकाच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नाही, आणि डॉक्टर तसं करू नका असंच सांगतात. पण चामड्याच्या वासाचं आपल्या घरातलं स्थान त्यातून कळतं: शुद्ध हरपलेल्याच्याच नाकाला तो चालायचा.

याच मुलखात मात्र दुसरी वाटही आहे. आळंद तालुक्यात, म्हणजे निकितिनच्या घोडेबाजाराच्याच परिसरात, गोळा नावाच्या गावी लक्कम्मादेवीचं देऊळ आहे. दिवाळीनंतरच्या जत्रेत भाविक तिथल्या कडुनिंबाला चपलांचे जोड बांधतात. रात्री देवी त्या चपला घालून फिरते आणि भक्तांचं दुखणं-खुपणं घेऊन जाते, असं लोक मानतात. हिंदूही जातात, मुसलमानही जातात. बसवण्णांनी जोडा डोक्यावर ठेवला त्याला साडेआठशे वर्षं झाली, आणि त्याच पट्ट्यात आजही जोडा देवीला वाहिला जातो. या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि तो जोडण्याची घाईही नको. पण चामड्याला हात जोडणारी माणसं या मातीत एकदाच होऊन गेली असं नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडे योग्य तो गदारोळ झाला. २०१९ मध्ये या चपलेला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांचं आहे. बीदर-कलबुर्गी त्यात नाहीत, पण सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा तो वास आपल्या सगळ्यांचा आहे. चपलेचा घाट उचलला गेला. वासाकडे अजून कुणाचं लक्ष नाही, म्हणून तो आपला आपण धरून ठेवायची वेळ अजून गेलेली नाही.

हे कसं करायचं, याचा नमुना कन्नौजने घालून दिला आहे. तिथे भाजलेल्या मातीच्या खापऱ्या देगेत घालून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात आणि ‘मिट्टी’ अत्तर होतं. मातीचा वास जर धरता येतो, तर सालीत कमावलेल्या चामड्याच्या कपच्यांचा का येऊ नये? अडचण खरी आहे: सालीतलं तुरट द्रव्य वाफेवर चढत नाही, नाकाला जाणवतात ती त्याच्या सोबतची हलकी द्रव्यं, आणि ती फार थोडी असतात. पण परदेशी प्रयोगशाळा जिवंत फुलाला धक्का न लावता त्याच्याभोवतीची हवा शोषून त्यातलं एकेक द्रव्य ओळखतात. टांगलेल्या पोतडीभोवतीची हवाही तशी शोषता येईल. कोल्हापूर, अथणी, निपाणीकडे पिशवीत कमावणारे जे थोडे हौद उरले आहेत तिथे ती यंत्रं न्यावी लागतील, आणि लवकर न्यावी लागतील. कारण नवी मुलं या कामात उतरत नाहीत, आणि त्यांनी उतरावं असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. काय मिळालं ते आधी हौदावरच्या माणसाला हुंगायला द्यावं. साल किती दिवसांची आहे, हिरडा कमी पडला की जास्त झाला, हे तो वासावरून सांगतो. ते अत्तर जमलं की बिघडलं हे सांगणारं नाक त्याचंच आहे, आणि नाकाच्या या कामाचे पैसे जगातल्या सगळ्या अत्तर कंपन्या मोजून देतात.